वेव्हर कुणाला, रिलीफ कुणाला?



इंग्रजीत दोन शब्द आहेत. एक वेव्हर, दुसरा रिलीफ. वेव्हर म्हणजे घेणेकऱ्याने आपला हक्क सोडून देणे, हिशेब मिटला. रिलीफ म्हणजे डोक्यावरचे ओझे थोडे हलके करणे. ओझे डोक्यावरच राहते. २००८ साली केंद्र सरकारने काढलेल्या योजनेच्या इंग्रजी नावात हे दोन्ही शब्द होते. मराठीत येताना दोघांचा मिळून एकच झाला: कर्जमाफी! घोळ झाला तो इथे.

वेव्हर मिळाला ५ एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला. त्यावरच्याला रिलीफ. म्हणजे २५ टक्के किंवा, आपल्यासारख्या जिल्ह्यांत, २०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढी सूट. तीही उरलेले सगळे पैसे भरले तरच. थकबाकी ६०,००० असेल तर सूट २०,०००, आणि ४०,००० आपल्या खिशातून. ज्याच्या खिशात ४०,००० होते तो थकबाकीदार झालाच कशाला असता? त्याला दार उरले सावकाराचे. बँकेचे खाते बेबाक, सावकाराची वही जाड! आणि सावकाराचे कर्ज तर या दोन्ही शब्दांत कुठेच बसत नव्हते.

५ एकर कालव्याचा ऊस आणि ५ एकर दर्यापूरचे कोरडवाहू वावर, माप एकच! खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीसुद्धा पिकाला चालत नाही. तिथे जास्त एकर ही श्रीमंती नाही, ती कोरडवाहूची गरज आहे. याच केंद्र सरकारने २००६ साली अमरावती-अकोल्यासह विदर्भाचे ६ जिल्हे पॅकेजसाठी निवडले, तेव्हा संकट जिल्ह्याचे होते. दोन वर्षांत ते एकरांत मोजले गेले.

राज्याच्या २०१७ च्या योजनेत शब्द बदलले, चाल तीच. थकबाकी दीड लाखावर असेल तर वरचे पैसे आधी भरा, मग दीड लाख मिळतील. नाव काय, तर एकरकमी परतफेड!

आणि आपला 'माफी' हा शब्द तरी कुठे सरळ आहे? माफी गुन्हेगाराला देतात. खर्चही निघू नये अशा भावात कापूस-ज्वारी विकावी लागली, यात गुन्हा कुणाचा?

तेव्हा पुढची घोषणा झाली की हारतुरे नंतर. आधी कागद मागा आणि तीन प्रश्न विचारा. आमचे नेमके किती पैसे सोडले? आधी आम्ही किती भरायचे? एकराची अट कोरडवाहूला कशासाठी? उत्तर लेखी मिळेपर्यंत सही नाही, अंगठा नाही.