गादीचा हक्क कोणाचा ?

राजाला प्रथम मुलगी व मागाहून मुलगा झाला, तर गादी कोणी चालवावी ? वाचकांपैकीं पुष्कळ जण, फारसा विचार न करितां, मुलानें, असें म्हणतील. स्वीडन देशाचा १८१० सालचा कायदाहि हेंच सांगत होता. किंबहुना मुलींस त्यांत गादीचा हक्क मुळींच नव्हता.

तेथील राजे सोळावे कार्ल गुस्ताव्ह यांस १४ जुलै १९७७ रोजीं व्हिक्टोरिया ही कन्या झाली व १३ मे १९७९ रोजीं कार्ल फिलिप हा पुत्र झाला. पुत्र जन्मतःच युवराज ठरला. परंतु १ जानेवारी १९८० पासून नवा कायदा अंमलांत आला : मुलगा असो वा मुलगी, वडील अपत्यासच गादी मिळावी. सात महिन्यांच्या बालकाचें पद गेलें व तें अडीच वर्षांच्या बहिणीकडे आलें. राजांस ही गोष्ट रुचली नाहीं. मुलास जन्मतः मिळालेला मान मागाहून काढून घेणें योग्य नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें.

बापाच्या तोंडीं हा आक्षेप शोभतो. तरी तो मला ग्राह्य वाटत नाहीं. गादी म्हणजे कांहीं वडिलोपार्जित शेत नव्हे. खुद्द या घराण्याचा मूळ पुरुष बर्नाडोट हा फ्रान्सचा सेनापति. त्या वेळच्या राजास औरस वारस नव्हता, म्हणून १८१० सालीं ओरेब्रो येथें भरलेल्या प्रतिनिधिसभेनें या परक्या मनुष्यास युवराज निवडिलें. लोकांच्या सभेनें जो हक्क दिला, तो लोकांच्या सभेस बदलतां येऊं नये काय ?

शिवाय राजे स्वतः चार बहिणींच्या पाठीवर जन्मलेले. १९७३ सालीं आजोबांच्या पश्चात् ते गादीवर बसले, तेव्हां त्या चौघींस कोणीं विचारलें होतें ? मुलाचें गेलें तें सर्वांस दिसलें. मुलींस कधीं मिळालेंच नव्हतें, म्हणून त्याचा हिशेब कोणी मांडला नाहीं.

शेजारच्या नॉर्वेनें १९९० सालीं असाच कायदा केला, पण आधीं जन्मलेल्या भावंडांचा क्रम हालविला नाहीं. त्यामुळें १९७१ सालीं जन्मलेली मार्था लुईज मागें राहिली व १९७३ सालीं जन्मलेला हाकोन युवराज राहिला. हा मार्ग सौम्य खरा. परंतु चूक मान्य करावयाची आणि ती सुधारण्याचें काम नातवंडांवर सोंपवावयाचें, यांत मला न्याय थोडा व भीड फार दिसते.

कोणी म्हणेल, स्वीडनच्या राजाच्या हातीं सत्ताच नाहीं, मग एवढा खल कशास ? सत्ता नाहीं हें खरें. १९७५ पासून अंमलांत असलेल्या राज्यघटनेनें त्याच्याकडे केवळ मान ठेविला आहे. पण आपल्या घरीं थोरल्या मुलीस डावलून धाकट्या मुलास मानाच्या पाटावर बसवितात, तेव्हां तरी सत्तेचा प्रश्न कोठें असतो ?

व्हिक्टोरियास २०१२ सालीं एस्टेल ही मुलगी झाली व २०१६ सालीं ऑस्कर हा मुलगा. आईच्या मागून हक्क एस्टेलचा. ऑस्करच्या हातून कोणाला कांहीं काढून घ्यावें लागलें नाहीं.