हॉटेलात ‘वाफाळतं’ आलं म्हणजे निर्धोक झालं का?

उलट्या-जुलाब घेऊन आलेल्या पेशंटला बाहेर काय खाल्लं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. ‘हॉटेल चांगलं होतं हो डॉक्टर. पाणी बाटलीचंच घेतलं, जेवण अगदी वाफाळतं होतं.’ तुम्हीही असंच म्हणत असाल, तर तुमचा विश्वास चुकीच्या गोष्टीवर आहे.

माझे एक पेशंट बरीच वर्षं हॉटेलच्या भटारखान्यात होते. ते आता बाहेर फ्राइड राइस मागवत नाहीत. झुरळांमुळे नव्हे! ताज्या भाताचा गोळा होतो, म्हणून भात आदल्या रात्रीच शिजवतात आणि फ्रिजमध्ये जागा नसली की पातेलं ओट्यावरच राहतं. त्यांची भीती अगदी शास्त्रीय आहे. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाचे जिवाणू असतात. त्यांचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, कोमट भातात रुजतात आणि विष तयार करतात. हे विष मोठ्या आचेच्या कढईतही नष्ट होत नाही. १ ते ६ तासांत उलट्या सुरू. त्यामुळे वाफ हा कसलाच पुरावा नाही. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा गार अन्न ५ अंशांच्या खाली ठेवलं होतं का, हा खरा प्रश्न.

तळणीच्या तेलाचंही तेच. ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. पण संध्याकाळच्या काळ्या तेलात सकाळी नवं तेल ओतलं की तुम्हाला काय कळणार?

त्यांनी सांगितलेली सगळ्यात वाईट गोष्ट मात्र वेगळीच. जुलाब होत असले तरी ते कामावर जायचे, कारण खाडा झाला की पगार कापला जायचा. आजारी माणसाने अन्न हाताळू नये, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, टायफॉइडसारख्या पोटाच्या आजारांची लस द्यावी, हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. आणि आपण काय म्हणतो? ‘या लोकांना स्वच्छताच कळत नाही.’ अहो, कळते! पण ज्याला आजारपणाची रजा नाही, त्याने साबणाने कितीही हात धुतले तरी त्याला त्या दिवशी कणीक मळायला उभं करणं हा मालकाचा गुन्हा आहे, त्याचा नव्हे.

पेल्यावर डाग दिसला तर आपण वेटरवर ओरडतो. तोच आवाज जरा गल्ल्यावर लावा. ‘आजारी आचाऱ्याला भरपगारी रजा देता का?’ असं विचारा. २०२२ पासून बिलावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक छापणं सक्तीचं आहे, तोही बघा. खाल्ल्यावर त्रास झाला तर बिल फेकू नका, त्या क्रमांकासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. आणि उलट्यांबरोबर ताप, शौचात रक्त किंवा लघवी कमी होणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरकडे जा, तक्रार दुसऱ्या दिवशी केली तरी चालेल.