पंचनाम्याबाहेरची माणसं

सप्टेंबर २०२५च्या पुरात मराठवाड्यात उभी पिकं गेली, कुठे कुठे मातीही खरवडून गेली. ऑक्टोबरात राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा, पण पीकनुकसानीचा पैसा पोचतो तो सातबाऱ्यावरच्या नावाला: कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही नुकसान किमान ३३ टक्के असेल तर. बटाईने कसणाऱ्याने बी-खत उसनवारीवर घातलेलं असतं. अनुदान मात्र मालकाच्या खात्यात, मग तो पुण्यात का राहत असेना! शेतमजुराचा बुडालेला रोज तर कुठेच धरला जात नाही. पंचनामा करणाऱ्या तलाठ्यावर चिडून काय होणार, त्याच्या कागदावर कसणाऱ्याचा किंवा मजुराचा रकानाच नाही. पंचनाम्यात कसणाऱ्याचं नाव नोंदवा आणि लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत जाहीर वाचा, एवढी आमची शासनाकडे मागणी आहे.