सात तासांच्या पाहुणीला काय दाखवाल?

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीकडे मेलबर्नला निघाले होते. मुंबईहून सिंगापूर, तिथे नऊ तासांचा थांबा आणि मग पुढचं विमान. नऊ तास विमानतळावर बसून करायचं काय, म्हणून पिशवीत दशम्या, कोरडी चटणी आणि एक दिवाळी अंक टाकला होता. बहीण फोनवर हसली. म्हणाली, "ताई, दशम्या असू देत, पण बाहेर पड. गाव बघ, तिथलं काहीतरी खा."

मैत्रिणींनो, हे वाटतं तितकं अवघड नाही. साडेपाच तासांहून जास्त थांबा असेल, तर चांगी विमानतळावरून अडीच तासांची मोफत शहरफेरी मिळते. बाहेर पडायला व्हिसा मात्र लागतो. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांचा व्हिसा हाताशी असेल, तर भारतीय पासपोर्टवर ९६ तासांपर्यंत सिंगापूरच्या व्हिसाविना थांबता येतं. त्याच्या अटी तिकीट काढण्याआधीच वाचून घ्या.

मी मेट्रोनं 'लिटल इंडिया'त गेले. तिथल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा खाल्ला. पाटीवर त्याला 'थोसाई' म्हणतात! खाली भाजी-मासळीचा बाजार, बाजूला ओळीनं खाण्याचे गाळे. कुठे चिनी, कुठे मलय, कुठे तमिळ. प्रत्येक गाळ्याला नळ, सांडपाण्याची सोय आणि आवारात स्वच्छतागृह. खाऊन झाल्यावर आपलं ताट आपणच उचलून ठेवायचं, हा तिथला नियमच आहे.

नवल याचं वाटलं, की ही सगळी मूळची रस्त्यावरची फेरीवाली मंडळी. १९६८-६९ मध्ये तिथल्या सरकारनं त्यांची नोंदणी केली आणि १९८६ पर्यंत सगळ्यांना अशा केंद्रांत जागा दिली. २०२० साली युनेस्कोनं या खाद्यसंस्कृतीची वारसा म्हणून नोंद घेतली. तिथेही सगळं आलबेल नाही. पहाटेपासून राबायचं म्हणून नवी पिढी या धंद्यात यायला नाखूश असते. पण फेरीवाला म्हणजे केरकचरा नव्हे, हे तिथे फार आधी ठरलं.

यंदा पावसाळ्यात पारडं फिरलं. बहिणीच्या ऑफिसातली एक मैत्रीण पुण्याहून विमान पकडणार होती, हाताशी सात तास होते. लोहगावहून खडकवासला म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, तरी तिला आमच्याकडेच आणलं. आमचं धरण, पलीकडे एनडीए. तिथूनच २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, हेही तिला अभिमानानं सांगितलं. चौपाटीवर लिंबू-तिखट चोळलेलं कणीस आणि कांदाभजी खाऊन बाई खूश! मग हळूच विचारलं, "टॉयलेट कुठे आहे?" मी इकडे तिकडे पाहिलं आणि तिला सरळ घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी कणीसवाल्या मावशींना विचारलं, "तुम्ही दिवसभर काय करता हो?" त्या म्हणाल्या, "सकाळी निघताना पानीच पीत न्हाई ताई. आन् अतिक्रमनाची गाडी आली की शेगडी उचलून पळायचं." साऱ्या पुण्याला पाणी पाजणाऱ्या धरणाच्या काठावर बसलेली बाई दिवसभर पाणी पीत नाही! मला रात्री जेवण गेलं नाही.

कारवाई नकोच, असं मी म्हणत नाही. रविवारी इथे रस्ता तुंबतो, कणसाची पानं आणि प्लॅस्टिक पाण्यात जातं. सिंहगडावरही २०२५ च्या मे अखेरीस गड काही दिवस बंद ठेवून अनधिकृत बांधकामं पाडली. गड आणि धरण सांभाळायलाच हवं. पण गाडी येते, हातगाड्या उचलते, चार दिवसांनी पुन्हा तेच. यात ना रस्ता मोकळा होतो, ना बाईला थारा मिळतो.

वास्तविक आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. आधी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला हटवू नका, असं तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. गडबड होते ती अंमलबजावणीत. गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं, धरण जलसंपदा खात्याचं, गड वनखात्याकडे. मग नळ कुणी द्यायचा आणि स्वच्छतागृह कुणी बांधायचं? पाहुणे मात्र सगळ्यांनाच हवेत.

मला टेक्का सेंटरसारखी इमारत नको. पाण्यापासून जरा लांब आखलेली जागा, एक नळ, कचऱ्याची पेटी आणि कुलूप नसलेलं स्वच्छतागृह, एवढं झालं तरी पुष्कळ. आमच्या महिला मंडळानं मावशींकडून कायदा समजून घेण्यासाठी बैठक मागवली आहे, असं म्हणण्यापेक्षा त्यांनीच आम्हाला बोलावलं आहे. अर्जावर पहिली सही त्यांची असेल.

तुम्हीही रविवारी चौपाटीवर आलात, तर घासाघीस करण्याआधी त्या बाईला एवढंच विचारा, "मावशी, पाणी प्यायलात का?"