व्यायाम : दिनक्रमातला की दिनक्रमाबाहेरचा?

२०२१ च्या पावसाळ्यातील ती रात्र मी विसरू शकत नाही. शहरातील एका रुग्णालयातून तातडीचा निरोप आला. सिझेरियन चालू होत होते आणि पोटातील बाळाचे ठोके मंदावले होते. मी पोहोचलो तेव्हा वीज गेलेली होती. शस्त्रक्रियागृह जनरेटरवर चालू होते, लिफ्ट मात्र बंद होती. शस्त्रक्रियागृह चौथ्या मजल्यावर. मी जिना धावत चढलो. म्हणजे पहिले दोन मजले धावलो आणि उरलेले दोन कठडा धरून कसेबसे पार केले. आत गेलो तो बाळ वॉर्मरखाली ठेवलेले होते. निळसर, शिथिल, न रडलेले. बालरोगतज्ज्ञ ज्याला ‘गोल्डन मिनिट’ म्हणतात ते मिनिट सुरू झालेले होते, आणि ज्याच्यासाठी सारे थांबले होते तो बालरोगतज्ज्ञ स्वतःच धापा टाकत होता. माझे हात थरथरत होते. स्टेथोस्कोप कानाला लावला तर बाळाच्या ठोक्यांआधी माझेच ठोके ऐकू येऊ लागले. अनुभवी सिस्टरने माझ्याकडे एकदा पाहिले, काही न बोलता अँबू बॅगचा मास्क बाळाच्या तोंडावर बसवला आणि श्वास द्यायला सुरुवात केली. थोड्याच वेळात बाळ रडले. आज ती मुलगी बालवाडीत जाते. तिच्या आईवडिलांनी माझे आभार मानले, ते मी निमूटपणे स्वीकारले. परंतु त्या आभारांचा खरा धनी कोण हे मला ठाऊक आहे.

माझे वय तेव्हा ५१ होते. मला कोणताही आजार नव्हता. पंचवीस वर्षे मी पालकांना ‘मुलांना मैदानावर पाठवा’ असे सांगत आलो होतो आणि त्या काळात मी स्वतः मैदानावर गेलो होतो तो फक्त लग्नाच्या स्वागत समारंभांना.

बडोदेकर मराठी माणसाने व्यायामाविषयी लिहायचे तर त्याला थोडा संकोच वाटलाच पाहिजे. जुम्मादादांनी १८८० मध्ये सुरू केलेला आखाडा याच गावातला. पुढे राजरत्न प्रो. माणिकरावांनी त्याला नावारूपाला आणले. ते स्वतः नाणावलेले हाडवैद्य होते. मोडलेले हाड बसवणारा आणि शरीर घडवणारा एकच माणूस असावा, ही कल्पना आज आपल्याला नवलाची वाटते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायामज्ञानकोश’ संपादित केला तोही येथूनच, आणि तो मराठीत, दहा खंडांत. आपल्या प्रत्येक समारंभात या परंपरेचा उल्लेख होतो. तो होत असताना आपण खुर्चीवर बसलेले असतो, आणि नंतर श्रीखंड-पुरी असते.

माझे आजोबा दांडिया बाजारात राहत आणि कचेरीत कारकून होते. ते रोज पहाटे आखाड्यात जात. लहानपणी मला वाटे, केवढी ही निष्ठा! आता वाटते की निष्ठेइतकाच सोयीचाही त्यात भाग होता. आखाडा घरापासून चार पावलांवर होता, मित्र तेथेच भेटत, आणि न गेल्यास संध्याकाळी चार जण ‘बरे नव्हते का?’ म्हणून विचारीत. वडील आखाड्यात गेले नाहीत, पण निवृत्त होईपर्यंत सायकलने नोकरीवर गेले. दोघांच्याही तोंडी ‘व्यायामाला वेळ काढला पाहिजे’ असे वाक्य मी कधी ऐकले नाही. वेळ ‘काढावा’ लागतो तो दिनक्रमाबाहेरच्या गोष्टींना.

त्या रात्रीनंतर मी काय केले? सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस जे करतो तेच. जिमची वर्षाची वर्गणी भरली, बूट घेतले, पहाटे पाचचा गजर लावला. एकोणीस दिवस गेलो. विसाव्या दिवशी रात्री दोन वाजता एका बाळासाठी उठावे लागले, पहाटेचा गजर बंद केला आणि तो पुन्हा लावला गेला नाही. बूट अजून नवे आहेत. माझ्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांकडे असे नवे बूट असतील, अशी मला दाट शंका आहे.

या अपयशाला आपण आळस म्हणतो आणि स्वतःला दोष देऊन मोकळे होतो. मला तो आराखड्याचा दोष वाटतो. नोकरी, दवाखाना, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील या सगळ्यांनी ठासून भरलेल्या दिवसात एक सलग, कोरा, पवित्र तास शोधायचा आणि तो सापडला नाही की त्या दिवशीचा सगळा व्यायाम रद्द करायचा, हा हिशेबच चुकीचा आहे. जेवायला तासभर मिळाला नाही म्हणून आपण उपाशी राहत नाही.

शास्त्रही आता याच बाजूचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला होता आणि तो किमान दहा-दहा मिनिटे सलग असावा अशी अट होती. २०२० च्या शिफारशींत ही दहा मिनिटांची अट काढून टाकली गेली. १५० ते ३०० मिनिटे आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम, हे प्रमाण राहिले; पण दोन मिनिटांचा जिनाही आता हिशेबात धरला जातो. २०२२ मध्ये ब्रिटनमधील सुमारे २५,००० व्यायाम न करणाऱ्या प्रौढांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्या दिवसात एक-दोन मिनिटांचे दमवणारे श्रम तीनेक वेळा सहजगत्या घडत होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाही, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. तरी दिशा जुनीच आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा कमी होता. त्या कंडक्टरांनी व्यायाम म्हणून काहीच केले नव्हते. ते तिकिटे फाडत होते. (मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.)

माझ्या दिनक्रमात अखेर जे टिकले ते अगदी किरकोळ दिसेल. पूर्वी मी टेबलावरची घंटा वाजवून पुढच्या मुलाला बोलवीत असे. आता उठून दारापर्यंत जातो आणि नावाने हाक मारतो. सकाळच्या ओपीडीत चाळीस मुले असतील तर चाळीस वेळा उठबस होते, शिवाय मूलही कमी घाबरते. लिफ्ट फक्त रुग्णासोबत असेन तरच. सकाळची ओपीडी आणि रुग्णालयाची फेरी यांच्यामधले अंतर झपाझप चालून पंधरा मिनिटांचे आहे, ते पायी. आणि आंघोळीआधी बारा सूर्यनमस्कार व वीस जोर. आंघोळीआधीच का? कारण मराठी घरात आंघोळ चुकत नाही. जी गोष्ट चुकत नाही तिच्या शेपटीला व्यायाम बांधला की तोही तिच्यामागे फरफटत येतो. उन्हाळ्यात बडोद्याचा पारा बेचाळीसवर जातो तेव्हा दुपारचे चालणे मी बिनदिक्कत बंद ठेवतो. जिना आणि आंघोळ यांना ऋतूची आडकाठी नाही.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते, कारण तिची नोंद आपण घेतलीच नाही. आपल्या घरांतून जमीन नाहीशी झाली. पाट गेले, जेवणाचे टेबल आले. चुलीची जागा ओट्याने घेतली, ते योग्यच झाले. शौचालयातले उकिडवे बसणे गेले, देवघर भिंतीवर कंबरेच्या उंचीला आले, अंथरुणाचा पलंग झाला. एखाद्या गृहिणीला पूर्वी दिवसातून तीस-चाळीस वेळा जमिनीवरून उठावे लागे. आज साठीतल्या माणसाला हात न टेकता जमिनीवरून उठता येत नाही आणि आपण त्याला गुडघ्याचा एक्स-रे लिहून देतो. ज्यांचे गुडघे अजून साथ देतात त्यांनी दिवसातले एक जेवण खाली बसून घ्यावे, वर्तमानपत्र सतरंजीवर वाचावे. यासाठी वर्गणी भरावी लागत नाही.

आता एक अवघड विषय. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते, २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. पुरुषांत ते ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. ‘घरकामात व्यायाम होतोच की’ असे म्हणणाऱ्या सर्व पुरुषांनी, डॉक्टरांसह, हा दुसरा आकडा पुन्हा वाचावा. ओट्यापाशी तासन्तास उभे राहण्याने पाय दुखतात, दम वाढत नाही. एका बाळाच्या आईला मी ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “कधी ते पण सांगा ना, डॉक्टर. पाचला उठते, डबे, सासूबाईंची औषधे, ऑफिस, मग हा.” माझ्याकडे उत्तर नव्हते. शेजारी बसलेल्या तिच्या यजमानांकडे असायला हवे होते. ते मोबाइलमध्ये पाहत होते.

तेव्हापासून मी एक करतो. बाळाच्या केसपेपरवर, लोहाच्या थेंबांच्या खालच्या ओळीत, लिहितो : ‘वडिलांनी रोज सायंकाळी ७ ते ७.३० बाळ सांभाळणे. आईने चालून येणे.’ वडील हसतात. आज्या हसत नाहीत. “आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं,” असे एकीने मला स्पष्ट सुनावले, पण पुढच्या लसीला त्या स्वतःच म्हणाल्या, “सून जाते, मी बघते बाळाला. ह्याला कुठे जमतंय!” म्हणजे चिठ्ठी लागू पडली, फक्त औषध दुसऱ्यानेच घेतले.

या अनुभवातून माझे एक मत बनले आहे आणि ते माझ्या बालरोगतज्ज्ञ मित्रांपुढे आग्रहाने मांडायचे आहे. तीस-पस्तीस वर्षांचा निरोगी माणूस कोणत्या डॉक्टरकडे जातो? कोणाच्याच नाही. फिजिशियनला तो भेटतो तो पंचेचाळिशीत, साखर वाढल्यावर. पण आपल्याकडे तो सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला, मग नवव्या महिन्याला, मग दीड वर्षाला बाळ कडेवर घेऊन येतो. एवढ्या नियमितपणे निरोगी तरुण प्रौढ पाहणारी दुसरी शाखा वैद्यकात फारशी नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले की आपली नवजात बाळे वजनाला कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. ते बाळ मी तोलतो तेव्हा तसाच जन्मलेला त्याचा बाप समोर उभा असतो, सडपातळ हातापायांचा आणि सुटू लागलेल्या पोटाचा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये सिद्ध केले की मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांत आहार आणि नियमित चालणे यांनी मधुमेहाचा धोका २८ टक्क्यांहून अधिक घटतो, जवळपास मेटफॉर्मिनइतकाच. हे ठाऊक असून केवळ ‘तो माझा रुग्ण नाही’ म्हणून मी गप्प बसायचे का? ‘थोडे चालत जा’ हा सल्ला मात्र सल्ला नव्हे. कोठून कोठपर्यंत, कशानंतर, आणि त्या वेळी घरचे काम कोण पाहणार, हे लिहून दिले तरच त्याला अर्थ.

काही मित्र म्हणतील की पदपथ नाहीत, हवा वाईट, कुत्री मागे लागतात. खरे आहे, आणि महानगरपालिकेकडे त्याचा पाठपुरावा मंडळाने जरूर करावा.

तोवर आपल्या मंडळासाठी दोन सूचना. मासिक सभेचे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. त्या दिवशी लिफ्ट ज्येष्ठांसाठी आणि अपंगांसाठी राखून ठेवावी आणि पहिल्या व्याख्यानानंतर सर्वांनी दहा मिनिटे उभे राहूनच चर्चा करावी. दुसरी सूचना कमाटीबागेत रविवारी सहकुटुंब फिरण्याची. १८७९ मध्ये सयाजीरावांनी करून दिलेली ही बाग आपल्यापैकी बहुतेकांच्या वाटेवरच आहे. फिरून झाल्यावर बाहेर सेव-उसळ खायची की नाही, याचा निर्णय मी कार्यकारिणीवर सोडतो. माझे मत कार्यवाहांना खाजगीत कळवले आहे.