तास इंजिनचे आणि तास ड्रमचे



यावेळचा विषय जरा शेतातला आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना गावाकडून असे फोन येतात, त्यामुळे उपयोग होईल म्हणून लिहितोय.

जूनमध्ये औशाहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. घरची पंधरा एकर, मुख्य पीक सोयाबीन. म्हणाला, "जुनं हार्वेस्टर बघितलंय. चार वर्षांचं मॉडेल, सोळा लाख म्हणतोय. तू पाच लाख दे, बाकीचं कर्ज काढतो. आणि तू मशीनच्या देशात राहतोस, तर बघून सांग की, घ्यावं का नाही." पुढे हेही होतंच: "नाहीतर तिकडूनच एखादं पाठव."

आता मी मशीनच्या देशात राहतो हे खरं. न्युरेम्बर्गमध्ये मानचा इंजिनांचा कारखाना आहे, आणि जगातलं पहिलं डिझेल इंजिन 1890च्या दशकात ज्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात उभं राहिलं, तो न्युरेम्बर्गच्या कारखान्याशी 1898 साली एक झाला. पण मी सॉफ्टवेअरवाला. हार्वेस्टर मी फक्त ऑटोबानवरून पाहिलेलं. 'तिकडूनच पाठव'चा निकाल मात्र लगेच लावला. तीन मीटरपेक्षा रुंद धूड जहाजात चढवायचं, कस्टम भरायचं, आणि मग ऐन काढणीत एक बेअरिंग गेलं की पार्सलची वाट बघायची. औसा-लातूरचे मिस्त्री प्रीत, कर्तार, दशमेश ही पंजाबी मशीनं डोळे मिटून उघडतात. ज्याचा मिस्त्री गावात, तेच मशीन आपलं.

राहिला प्रश्न घ्यावं का, आणि केवढ्याला. योगायोग असा की आमचे घरमालकही तेव्हा जुनं हार्वेस्टर शोधत होते. न्युरेम्बर्गच्या उत्तरेचा क्नोब्लाउख्सलांड, म्हणजे अक्षरशः 'लसणाचा मुलूख', हा भाजीपाल्याचा पट्टा. यांची शेती मात्र पश्चिमेला कादोल्झबुर्गकडे, चाळीस हेक्टर, गहू आणि बार्ली. म्हणाले, "शनिवारी आन्सबाखकडे एक मशीन बघायला जातोय, चल."

क्लासचं डॉमिनेटर होतं, 1997 सालचं. मागणी 24 हजार युरो. मी भाबडेपणाने विचारलं, एवढं जुनं कशाला? ते हसले आणि मीटरकडे बोट दाखवलं. मीटर दोन होते. मोटरश्टुंडन, म्हणजे इंजिनचे तास, 3,400. ट्रोमेलश्टुंडन, म्हणजे मळणीच्या ड्रमचे तास, 2,450. इंजिन रस्त्यावर चालतानाही फिरतं, नुसतं उभं असतानाही फिरतं. ड्रम फक्त शेतात फिरतो. मशीन झिजतं ते ड्रमच्या तासांनी, आणि साल हे फक्त कागदावर. इथे काढणी जुलै-ऑगस्टमध्ये आटोपते, त्यामुळे हे मशीन वर्षाला साधारण सव्वाशे तास चाललेलं आणि उरलेलं वर्ष शेडमध्ये उभं.

मग दोन तास मालकांनी काय काय केलं ते सांगतो.

पोचल्याबरोबर इंजिनवर तळहात ठेवला. गार होतं, तेव्हा मान डोलावली. गिऱ्हाईक येण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर समजायचं की थंड असताना त्रास देतंय. मग चालू केलं, धूर बघितला, तेलाचं झाकण काढून तिथून वाफ किती जोराने येते ते बघितलं. इंजिन बंद केलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. हे महत्त्वाचं, कारण त्यानंतर हात आत घालायचा होता.

ड्रमवर ज्या खाचांच्या पट्ट्या असतात, त्यांना रास्प बार म्हणतात. त्यावर नखं फिरवली. खाचेची कड नखाला लागली पाहिजे. गुळगुळीत लागली तर बदलायला आल्या, आणि बदलताना समोरासमोरच्या जोडीने, सारख्या वजनाच्या घालायच्या, नाहीतर ड्रमचा तोल जाऊन बेअरिंग खातो. खालच्या जाळीची, म्हणजे काँकेव्हची, पुढची कड बघितली. धान्य वर नेणारी चेन दातावरून हाताने उचलून बघितली. जास्त उचलली गेली तर ताणलेली. भुसा झटकणारे वॉकर हलवून बघितले. त्यांची बेअरिंगं लाकडाची असतात हे मला तिथेच कळलं. लाकूड, तेही जर्मन मशीनमध्ये! टाकीच्या तळाला नाण्याने ठोकून पत्रा किती पातळ झालाय ते ऐकलं. आणि शेवटी चासीवर कुठे ताजा रंग आहे का ते बघत फिरले. ताज्या रंगाखाली ताजं वेल्डिंग असतं म्हणे.

परतताना गाडीत हिशेब. मशीन आठ वर्षांनी दहा हजारांना जाईल असं धरलं, म्हणजे वर्षाला 1,750 युरो घसारा. सरासरी 17 हजारांवर चार टक्क्यांनी 680 व्याज. दुरुस्ती 1,500, विमा आणि शेड 400. बेरीज 4,330. भागिले चाळीस हेक्टर, म्हणजे हेक्टरी 108 युरो, वर डिझेल आणि स्वतःचे कष्ट. भाड्याचं मशीन त्यांना दीडशेला पडत होतं. म्हणजे जवळजवळ सारखंच! मी म्हटलं, मग घेता कशाला? शिवाय मशीनरिंग बव्हेरियातलाच, 1958 साली सुरू झालेला. शेतकऱ्यांनी एकमेकांची यंत्रं वापरायची म्हणूनच तो निघाला. ते म्हणाले, "पाऊस येणार म्हटलं की भाड्याचं मशीन आधी मोठ्या शेतावर जातं. मी चाळीस हेक्टरवाला." पुढे घासाघीस करून साडेवीस हजारांना त्यांनी ते घेतलं.

त्या रात्री दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं, "मॉडेल कोणत्या सालचं ते विचारू नकोस. तास विचार." तर मीटर बंद! मग आडाख्याने. ते मशीन गव्हाला मध्य प्रदेश, भाताला विदर्भ, सोयाबीनला आपल्याकडे असं फिरणारं. रोज दहा तास आणि वर्षात शंभरच दिवस धरले तरी हजार तास. चार वर्षांचे चार हजार. म्हणजे आन्सबाखच्या पंचवीस वर्षांवरच्या म्हाताऱ्यापेक्षा हे चार वर्षांचं पोर जास्त थकलेलं.

दुसऱ्या दिवशी दादा मिस्त्री घेऊन गेला, फोन आत धरून सगळं दाखवलं. रास्प बार गुळगुळीत, दोन वाकलेले. सोयाबीनच्या शेंगा बुडाशी, म्हणून कटर जमिनीला टेकवून चालवावा लागतो आणि दगड आत जातात. चेन ताणलेल्या, पुढचे टायर चिरलेले. मिस्त्रीने दुरुस्ती सव्वादोन लाख सांगितली.

कमाईचा दादाचा हिशेब असा होता: पंचवीस दिवस, रोज वीस एकर, एकरी दोन हजार, दहा लाख. मी म्हटलं, गेल्या तीन वर्षांत सोयाबीनच्या काढणीत पावसाने किती दिवस गेले ते वहिनींना विचार. तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग त्यानेच आकडे खाली आणले. पंधरा दिवस, पंधरा एकर, म्हणजे सव्वादोनशे एकर, साडेचार लाख. त्यातून डिझेल एक लाख बारा हजार, ड्रायव्हर-मदतनीस ऐंशी हजार, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याचे एकरी शंभर. उरले दोन लाख पस्तीस हजार. रब्बीचे दीड लाख धरले, वर्षाची दुरुस्ती एक लाख वजा केली. हातात दोन लाख पंच्याऐंशी हजार. पाच वर्षं वापरून पाच लाखांना विकलं, बारा टक्के व्याज धरलं आणि आत्ताची सव्वादोन लाखांची दुरुस्ती वजा केली, तर मशीनची किंमत अकरा लाखांच्या आत येते. तीही दादाची स्वतःची मजुरी शून्य धरून. आणि जुन्या मशीनला सरकारी अनुदान नाही, ते नव्यालाच.

मी म्हटलं, साडेनऊला माग, साडेदहाच्या वर जाऊ नकोस. विकणारा चौदावर अडला. आठ दिवसांत ते मशीन निलंग्याकडे दुसऱ्याने नेलं.

इथे लेख संपवला असता तर मी फार हुशार ठरलो असतो. पण ऑक्टोबरात पाऊस आला. भाड्याच्या हार्वेस्टरसाठी दादा सहा दिवस रांगेत राहिला, आणि चार एकरांतल्या शेंगा उभ्या पिकातच फुटल्या. दिवाळीला फोन केला तर वहिनींनी उचलला, दादा 'बाहेर गेलाय' म्हणाल्या. मागून त्याचा आवाज ऐकू येत होता.

घरमालकांना हे सांगितलं. ते म्हणाले, आकडे तुझे बरोबर होते, पण रांगेची किंमत तू कुठे धरली होतीस? मी ती धरली नव्हती. त्यांच्या गाडीत बसून ऐकलेली एकमेव गोष्ट जी आकड्यात नव्हती, तीच मी विसरलो. चार एकर सोयाबीनचं नुकसान दरवर्षी होत नाही, पण तीन वर्षांतून एकदा धरलं असतं तरी अकराच्या ऐवजी मी दादाला थोडं वर जाऊ दिलं असतं. चौदापर्यंत नाही, पण साडेअकरापर्यंत नक्की. आणि आणखी एक: एकट्याने नाही, दोघा-तिघांत घ्यायला सांगितलं असतं.

तुम्हाला असा फोन आला तर हिशेब जरूर करा. तास विचारा, नख फिरवा, मिस्त्री न्या. पण शेवटी एक ओळ रांगेची घाला, आणि ती ज्याचं शेत आहे त्यालाच भरू द्या.

गेल्या आठवड्यात दादाकडून एक व्हिडिओ आला. सोबत एक अक्षर नाही. कुठल्यातरी हार्वेस्टरचं झाकण उघडलेलं, आत ड्रम, आणि त्याचा अंगठा रास्प बारवरून सावकाश फिरतोय. शेजारी आणखी दोघांचे पाय दिसतायत. मी लगेच फोन लावला. या वेळी त्यानेच उचलला.

चू. भू. द्या. घ्या.

ता. क. मीटर दाखवायला सांगितलंय. चालू आहे म्हणे.