समान श्रम, असमान वेतन

विद्यार्थिनींनो, १९४१ च्या डिसेंबरांत ब्रिटिश पार्लमेंटनें २० ते ३० वर्षें वयाच्या अविवाहित स्त्रियांस राष्ट्रकार्य कायद्यानें सक्तीचें केलें. पुरुष रणांगणीं गेले. विमानांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांत त्यांच्या जागीं लक्षावधि स्त्रिया उभ्या राहिल्या. त्यांच्यावांचून देशाचें उत्पादन खुंटलें असतें. तरी वेतन बहुधा पुरुषांहून कमीच! शाळांतहि तीच रीत. १९४४ च्या मार्चांत शिक्षिकांस शिक्षकांइतकेंच वेतन द्यावें, ही सूचना कॉमन्स सभेंत ११७ विरुद्ध ११६ मतांनीं संमत झाली. परंतु पंतप्रधान चर्चिल यांनीं तो मंत्रिमंडळावरील विश्वासाचा प्रश्न करून दोन दिवसांत ती फिरविली. (आम्हां शिक्षकांस हें विशेष बोचतें.) युद्धकाळीं तिजोरीची ओढाताण खरी, पण तिचा भार भगिनींच्याच माथीं कां? समान वेतनाचा कायदा तेथें १९७० सालीं झाला.